दुसऱ्या मुलानंतरही चारचाकी न घेता राहणारं कुणी आहे का इथे?

चाफेकळी (कोथरूड)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचत असते, आज विचारायचंच आहे म्हणून धागा काढला.

आम्ही दोघं, मुलगी पहिलीत, मुलगा नुकताच चालायला लागलाय. मयूर कॉलनीच्या आसपास भाड्याने राहतो. जुनी तीन मजली इमारत, लिफ्ट नाही, आणि पार्किंग म्हणजे जिन्याशेजारी स्कूटरी कोंबायची जागा. नवरा हिंजवडीला कंपनीच्या बसने जातो, सकाळी गेला की रात्रीच उगवतो. मी बरेचसे दिवस घरून काम करते. चारचाकी नाही. एक स्कूटर आहे आणि एक सायकल, तिच्यावर सध्या दुपटी वाळतात.

लेक एकटी होती तोवर प्रश्नच आला नाही. सगळं पुणं करतं तेच: ती पुढे उभी, मी मागे. आता चौघं झालो आणि स्कूटर संपली. चौघांनी एका स्कूटरवर बसायचं नाही हे आमचं बाळ व्हायच्या आधीच ठरलं होतं. सासू-सासरे संगमनेरला असतात. बारशाला आले तेव्हा सासऱ्यांनी निघताना पहिल्यांदा विषय काढला आणि आता दर फोनला तोच. “डाऊन पेमेंट मी भरतो, हप्ते तुम्ही बघा, पण पोरांचे हाल करू नका.” प्रेमानेच म्हणतात, म्हणून उत्तर देताना जीभ अडखळते.

मला गाडी का नकोय? एक तर ठेवायची कुठे. आमच्या गल्लीत रात्री नऊनंतर दोन्ही बाजूंनी गाड्या लागलेल्या असतात, मधून दुधाची गाडी जेमतेम जाते. दुसरं, मला चालवता येत नाही आणि ज्याला येते तो घरी नसतो. तिसरं कसं सांगू कळत नाही. माझ्या बहिणीकडे गाडी आल्यापासून त्यांचा रविवार त्या गाडीचा झालाय. मुलांना खेळायलासुद्धा कुठेतरी ‘नेतात’. आमच्याकडे संध्याकाळी पाच वाजले की लेक चपला घालून दारात उभी असते. थोरात उद्यान, तिथून भाजी, येताना लायब्ररी, वाटेत दोन-चार ओळखीची माणसं थांबवून बाळाचे गाल ओढणार. हे मला हवंय. पण हे हवं म्हणून बाकीच्या वेळी पोरांची फरफट करायची का, हा प्रश्न आहे.

रात्री-अपरात्री ताप चढला तर? जुलैतल्या पावसात शाळा? लांबच्या मंगल कार्यालयातलं लग्न, रात्री दहाला जेवणं, कडेवर झोपलेलं मूल? संगमनेर आणि माझं माहेर वाई, दोन मुलं आणि तीन पिशव्या घेऊन? आणि परवा लेकीने विचारलं, “आई, आपली गाडी कोणती?” वर्गात त्यांचं तेच चाललेलं असतं म्हणे.

ज्यांनी खरंच मुलांसकट असं काढलंय त्यांनी लिहा. मुलं आता मोठी झालेल्यांनी तर नक्की. “इलेक्ट्रिक घ्या” असं कृपया कुणी लिहू नका, ती पण लावायला जागाच लागते.

---

हिशेबनीस

भावनेचं बाकीचे लिहितील, मी आकडे लिहितो.

आठ लाखांची गाडी धरा. सासऱ्यांनी दीड लाख भरले तरी साडेसहा लाखांचं कर्ज राहतं. ९ टक्क्यांनी ७ वर्षांचा हप्ता साधारण साडेदहा हजार. विमा, सर्व्हिसिंग, पेट्रोल, टायर, पीयूसी, अधूनमधून एखादा ओरखडा, कितीही हात आखडला तरी महिन्याला साडेचार-पाच हजार. झाले पंधरा. म्हणजे दिवसाला पाचशे रुपये, गाडी जागची हलली नाही तरी त्यातला मोठा भाग जातोच.

पुण्यात २०२२ पासून रिक्षाचं मीटर पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७. दहा किलोमीटरचे १७० होतात. तेव्हा पाचशे रुपयांत तुम्ही रोज तीसेक किलोमीटर रिक्षाने हिंडू शकता. हिंडता का? (मीटरने यायला तयार असलेली रिक्षा मिळवणं हा स्वतंत्र धागा आहे, तो कुणीतरी काढाच.)

अडचण पैशांची नाही, टोचण्याची आहे. हप्ता खात्यातून आपसूक जातो, कळत नाही. रिक्षाचे १७० हातातून सुटतात, ते कळतात. म्हणून गाडी नसलेली माणसं मूल कडेवर घेऊन भर पावसात बसची वाट बघतात, आणि घरी येऊन म्हणतात गाडी हवी होती. आम्ही दर पहिल्या तारखेला चार हजार वेगळे काढतो. त्या पैशांची रिक्षा करताना “बसने गेलो असतो” हे वाक्य उच्चारायला घरात बंदी आहे. बायकोने घातलेली, मीच जास्त मोडतो.

---

मूळची वेस्टची

डोंबिवलीहून लिहितेय. मुलगी यंदा दहावीला, मुलगा सहावीत, सासूबाई आमच्याजवळ. चारचाकी कधीच नव्हती, दुचाकीही नाही.

आधी एक गोष्ट, हिशेबनीस रागावले तरी चालतील. गाडीचे पैसे वाचत नाहीत. ते घराच्या पत्त्यात जातात. आम्ही घर बघत होतो तेव्हा त्याच रकमेत स्टेशनपासून लांब, नव्या संकुलात दोन बेडरूम, खाली पोहायचा तलाव, गच्चीत बाग, असं सगळं मिळत होतं. आम्ही पूर्वेला टिळकनगरच्या बाजूला जुन्या इमारतीत एक बेडरूम घेतली. नणंद बघायला आली आणि म्हणाली, “एवढ्या पैशांत हे खुराडं?” खुराडंच आहे. दहावीचा अभ्यास स्वयंपाकघरात चालतो, मी कुकर लावला की लेक कानात बोटं घालते. पण स्टेशन चालत, शाळा चालत, भाजी चालत, सासूबाईंचे डॉक्टर चालत, आणि नाटक बघायचं तर सावित्रीबाई फुले नाट्यगृहापर्यंत शेअर रिक्षा. गाडीशिवाय राहायचं की नाही ते शोरूममध्ये ठरत नाही, घर घेताना ठरतं. तुमचं तर भाड्याचं आहे, म्हणजे तुमच्या हातात पत्ते आहेत. गाडीचे पंधरा हजार मोजायची तयारी असेल तर त्यातले पाच भाड्यात घाला आणि शाळेच्या अजून जवळ जा.

शाळा म्हणजे या सगळ्याचा खुंटा. लोक बोर्ड बघतात, निकाल बघतात, आम्ही घरापासून शाळेपर्यंत किती रस्ते ओलांडावे लागतात ते मोजलं. एक. मराठी माध्यम, मैदान बेताचं, स्मार्ट क्लास वगैरे आमच्या वेळी नव्हतं. पण वर्गातली निम्मी मुलं आसपासच्याच गल्ल्यांतली, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी “मैत्रिणीकडे सोड” ही भानगडच नाही. पाचवी-सहावीपर्यंत मुलांचं आयुष्य अर्ध्या किलोमीटरचं असतं. ते एका ठिकाणी जमलं तर आईबापाला ड्रायव्हर व्हावं लागत नाही.

चौथीपासून दोन्ही मुलं एकटी येतात-जातात. तशी सोडता येतात कारण वाटेवर माणसं आहेत. कोपऱ्यावर मेडिकल, मग पोळीभाजी केंद्र, मग आमचे इस्त्रीवाले भैया. एकदा मला ठाण्याहून यायला उशीर झाला, सासूबाई देवळात, दाराला कुलूप. मुलगा दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरून सरळ इस्त्रीच्या टपरीत जाऊन बसला. मी आले तेव्हा हा गाठोड्यांच्या ढिगावर मांडी ठोकून, आणि भैया त्याला कामाला लावून मोकळे. प्रत्येक घरची इस्त्री ज्या चादरीत बांधून येते, ती चादर बघून गाठोडं कुणाचं ते हा सांगत होता. निळी चौकड्यांची कुलकर्णी, मोरांची तिसरा मजला, भोकं पडलेली आपली. त्या दिवसापासून भैया सुट्टीवर गावी गेले की आमच्याकडे सुतक. आता याला कुणी ‘कम्युनिटी’ म्हणेल, मला विचाराल तर ते रोज त्याच रस्त्याने पायी जाण्याचं व्याज आहे. काचा वर करून गेलं असतं तर भैयांना पोरगं कुणाचं तेही कळलं नसतं.

याची दुसरी बाजू माझ्या लेकीला विचारा. “आई, मला साधा बर्फाचा गोळा गुपचूप खाता येत नाही!” खरंय. ती घरी पोचायच्या आत बातमी पोचलेली असते. दहावीच्या मुलीला हे जाचतं आणि का जाचू नये?

आता तुमचे प्रश्न. रात्रीचा ताप: आमच्या कपाटाच्या दाराला आतून तीन रिक्षावाल्यांचे नंबर चिकटवलेले आहेत, त्यातले एक मागच्याच चाळीत राहतात. धाकटा दीड वर्षाचा असताना रात्री त्यांना उठवलंय. गाडी असती तरी मी एकटीच घरी होते, नवरा दौऱ्यावर. तुमचंही तेच आहे, नवरा हिंजवडीला आणि तुम्हाला चालवता येत नाही. ती गाडी खाली उभी राहून काय करणार होती? आणि चालवता येत असली तरी फणफणलेलं मूल मागे एकटं टाकून पुढे स्टिअरिंग धरण्यापेक्षा मागे त्याला कुशीत घेऊन बसणं बरं. खरोखर जिवावरचं असेल तर १०८. ती सरकारी सेवा २०१४ पासून आहे, फुकट आहे, आणि गाडीवाल्यांनीही तीच बोलवावी.

पाऊस. आमच्याकडे पाणी तुंबलं की गाड्याही तुंबतात, तेव्हा त्यात गाडीवाल्यांचं काही विशेष चालत नाही. रेनकोट दप्तरावरून घालता येईल एवढा मोठा घ्या, मूल कुबड आल्यासारखं दिसतं पण वह्या वाचतात. दप्तरात एक सुकी मोज्यांची जोडी. बूट नको, पावसाळी सँडल. झालं.

गाव. माझं माहेर चिपळूण. दिव्याहून सकाळची सावंतवाडी गाडी आम्हाला सोयीची, डोंबिवलीहून दिवा दोन स्टेशनं. गणपतीत त्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा आम्ही चतुर्थीच्या आदल्या दिवशी जातच नाही, चांगले तीन-चार दिवस आधी जातो किंवा मग गौरींना. एसटीने गेलो तर आमचं कुटुंब कंडक्टरला बघवत नाही. सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढे, त्यांना २०२२ पासून फुकट. मला आणि लेकीला मार्च २०२३ पासून अर्धं. मुलगा बाराच्या आत म्हणून अर्धं. पूर्ण तिकिटाचा एकटा नवरा, तो खिडकी मागतो.

लग्नं मात्र अवघड. हल्ली कर्जतच्या पलीकडे कुठल्यातरी रिसॉर्टवर असतात आणि पत्रिकेवर पत्त्याऐवजी नकाशा असतो. आम्ही हळद-संगीत सोडतो, लग्नाला जातो, शेवटच्या लोकलच्या हिशेबाने उठतो. एखाद्या नातेवाइकाच्या गाडीत जागा असेल तर मी सरळ विचारते. पेट्रोलचे पैसे कुणी घेत नाही, म्हणून दिवाळीला चुलत दिराकडची भाजणी आणि चकल्या माझ्याकडून. ती देवाणघेवाण दोघांनाही कळते, बोलत कुणी नाही.

क्लासचंही खरं सांगते. लेकीला पोहायला शिकायचं होतं, तलाव लांब, दोन वाहनं बदलून जायचं. नाही म्हटलं. ती तबला शिकली, कारण तबला समोरच्या इमारतीत होता. गोडी लागली हा तिचा चांगुलपणा. गाडी असती तर पोहली असती, हे मान्य.

आणि “आपली गाडी कोणती?” मुलगा दुसरीत असताना वर्गात सांगून आला की आमची गाडी बारा डब्यांची आहे. बाईंनी मला बोलावून हसत सांगितलं. पण लेकीला आठवीत वाईट वाटायचं. सगळ्या मैत्रिणींना क्लासवरून घ्यायला गाड्या यायच्या, हिला घ्यायला मी छत्री घेऊन. पहिलीतली मुलगी उत्तराने खूश होते, आठवीतली होत नाही. तयारी ठेवा.

पुण्यात लोकल नाही, तेव्हा तिथलं तिथल्यांनी सांगावं.

---

मुठेकाठ

वरचा प्रतिसाद आवडला, पण धाग्यात सगळे एकाच सुरात नाचायला लागलेत म्हणून लिहितो.

आम्ही सिंहगड रोडला राहतो. मुलगा आठ वर्षांचा होईपर्यंत गाडी नव्हती आणि मी असाच उत्साहाने सगळ्यांना सांगत असे. मग वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी.

रिक्षात चढायला पाय किती उचलावा लागतो हे तुम्ही कधी बघितलंय का? निरोगी माणसाला कळतच नाही. वडिलांना दोघांनी धरून, आधी कंबर आत, मग पाय एकेक उचलून, आणि तोवर मागून हॉर्न. रिक्षावाले बिचारे बहुतेक चांगले होते, उतरून हात द्यायचे. व्हीलचेअरने जावं तर फुटपाथ दर फाटकाशी खाली उतरतो आणि परत वीतभर वर चढतो, मध्ये डीपीचा डबा, पुढे लावलेल्या दुचाकी. जेमतेम सातशे मीटरवरचं सेंटर, तिथे व्हीलचेअर ढकलत नेताना रस्त्याच्या मधूनच चालावं लागायचं. बायको एकदा म्हणाली, आपण बाबांना ट्रॅफिकमध्ये फिरायला नेतोय.

जुनी वॅगन-आर घेतली. तिची सीट उंच, त्यामुळे वाकावं लागत नाही, नुसतं टेकलं की माणूस आत. ज्या दिवशी वडील एकट्याच्या जोरावर सीटवर बसले त्या दिवशी मला गाडीचा कसलाही अपराधीपणा वाटला नाही, आजही नाही.

तेव्हा चाफेकळी, मुलांसाठी गाडी लागत नाही हे मलाही पटतं. पण चार आजी-आजोबा आहेत ना तुमच्याकडे? ते साठीत असताना जे जमतं ते पंचाहत्तरीत जमेलच असं नाही. आज घेऊ नका. पण “कधीच नाही” असं मुलांसमोर तत्त्व म्हणून मिरवू नका, उद्या घ्यावी लागली तर उगाच त्यांना वाटेल आईबाबा हरले.

---

चाफेकळी (कोथरूड)

सगळ्यांचे आभार. मुठेकाठ, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तत्त्व वगैरे नाही हो, पार्किंग नाही एवढंच तत्त्व. पण सासऱ्यांचे गुडघे दुखतात हे खरं आहे आणि आमचा दुसरा मजला त्यांना जड जातो. गाडीपेक्षा आधी लिफ्ट असलेलं घर बघावं का, असा नवाच फाटा फुटलाय.

मूळची वेस्टची, ‘गाडी खाली उभी राहून काय करणार होती’ हे मी सासऱ्यांना माझं म्हणून ऐकवणार आहे, चालेल ना?

पुणेकरांनो, मेट्रोने लहान मुलांना घेऊन कुणी नियमित जातं का? मी आतापर्यंत फक्त गंमत म्हणून गेलेय.

---

आनंदनगरचा जिना

जातो, नातवाला घेऊन. मी निवृत्त माणूस, माझ्याकडे वेळ आहे आणि त्याच्याकडे प्रश्न.

वनाझ ते गरवारे कॉलेज हा पहिला टप्पा ६ मार्च २०२२ ला सुरू झाला तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो, इतक्या छोट्या अंतरात कोण बसणार म्हणून. ऑगस्ट २०२३ ला तो रुबी हॉलपर्यंत गेला, मग रामवाडी, आणि २९ सप्टेंबर २०२४ ला सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट सुरू झाली. त्या दिवसापासून तुमच्या वाईचा प्रश्न सुटलाय, फक्त तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. आयडियल कॉलनी नाहीतर आनंदनगर, तुमच्या गल्लीवरून जे जवळ पडेल तिथून बसा. सिव्हिल कोर्टला उतरा, खाली भुयारी स्टेशनात जा, स्वारगेट. बाहेर आलात की एसटी स्टँड, वाईची गाडी. सिव्हिल कोर्टचं खालचं स्टेशन फार खोल आहे, सरकते जिने उतरता उतरता नातवाचं एक गाणं संपतं. मूल कडेवर आणि पिशव्या हातात असतील तर जिन्यांच्या नादी न लागता लिफ्ट शोधा. मंडई आणि कसबा पेठ ही स्टेशनंही त्याच मार्गावर, म्हणजे तुळशीबाग झाली.

संगमनेरची गाडी वाकडेवाडीला सोडते, तिथे मात्र मेट्रोला थोडी पायपीट आहे. गुडघेदुखीवाल्या सासऱ्यांसाठी तिथून सरळ रिक्षा करा, हिशेबनिसांच्या चार हजारांतून.

स्कूटरबद्दल. चौघं बसत नाही हे उत्तमच. कायद्याने चालवणाऱ्यामागे एकच माणूस बसू शकतो. शिवाय ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला फेब्रुवारी २०२३ पासून सेफ्टी हार्नेस आणि हेल्मेट सक्तीचं आहे, वेग चाळीसच्या आत. पट्टे चालवणाऱ्याच्या खांद्यावरून येतात आणि मूल पाठीला बांधलेलं राहतं. रस्त्यावर किती जण वापरतात ते सोडा, तुम्ही वापरा. आमच्याकडे सून आणि नातू स्कूटरने पुढे, मी आणि मुलगा बसने मागे, अशी फौज निघते. कार्यालयात आगेमागे पोचतो, पंगत काही चुकत नाही.

बाबागाडी घेऊ नका. आमची माळ्यावर पडून आहे. मुठेकाठ यांनी फुटपाथचं जे लिहिलंय ते कर्वे रोडला तंतोतंत लागू आहे, चाक अडकतं आणि मूल पुढे झुकतं. पोटाला बांधायची कापडी झोळी घ्या, निदान दोन वर्षांचा होईपर्यंत. आपल्याकडे लक्ष्मी रोडवर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात, गाड्या बंद, रस्ताभर रांगोळ्या, खेळ. लेकीला एकदा जरूर न्या. तिथे मुलं रस्त्याच्या मधोमध लंगडी घालतात, आणि माझ्या वयाची माणसं सवयीने कडेकडेनेच चालत असतात.

---

मूळची वेस्टची

चाफेकळी, खुशाल ऐकवा. पण सासऱ्यांना थेट “नको” म्हणू नका. डाऊन पेमेंटची रक्कम त्यांना द्यायचीच आहे, देऊ दे की. लिफ्टवाल्या घराचं डिपॉझिट म्हणून मागा. आजोबांचे पैसे नातवंडांच्याच कामी आले आणि त्यांचे गुडघेही वाचले. माझ्या सासऱ्यांनी, देव त्यांचं भलं करो, आमच्या खुराड्याला असेच पैसे घातले होते, आणि मग आयुष्यभर “माझ्या हॉलमध्ये” असं म्हणायचे. तेवढं सोसावं लागतं.

---

चाफेकळी (कोथरूड)

डिपॉझिट! हे सुचलंच नव्हतं. नवरा म्हणतो ही बाई कोण, हिला आपल्या घरी बोलव.

आयडियल कॉलनी स्टेशनच्या बाजूला एक जागा परवा ऐकली, लिफ्ट आहे, भाडं आत्ताच्यापेक्षा सहा हजार जास्त. पण तिथून शाळेला जाताना पौड रोड ओलांडावा लागतोय. म्हणजे स्टेशन जवळ आणि शाळा रस्त्यापलीकडे. मूळची वेस्टची यांच्या मापाने ती बाद. शनिवारी मयूर कॉलनीतच अजून एक बघायची आहे, चौथा मजला, लिफ्ट जुनी, लोखंडी जाळीच्या दाराची. लेकीला ती लिफ्ट फारच आवडेल, सासऱ्यांचं सांगता येत नाही.

आनंदनगरचा जिना, हार्नेस पाठीकडचा घेतला तर मागे बसणाऱ्याला अडचण होते का? आणि तो पुण्यात दुकानात बघून घेता येतो का? मागवून परत पाठवायचा मला कंटाळा आहे.

---

आनंदनगरचा जिना

मूल बांधलेलं असेल तर मागे तिसरं माणूस नाहीच, त्यामुळे अडचण कुणाला होणार? सूनबाईंनी दुकानातूनच घेतला होता. पट्टा लावताना छातीवरचं बक्कल नीट बघा, स्वस्तातल्यांचं मूल ओढून सोडवतं. मुलाला सोबत घेऊन जा, त्याच्या मापाने पट्टे आवळून बघा, आणि दुकानदाराला घाई करू देऊ नका.